चाकाला कोण धरून ठेवते?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने इंग्लंडहून एक प्रश्न पाठवला. तो तिकडे नोकरी करतो. त्याने एक वापरलेली कॅरव्हॅन विकत घेतली होती, तिचा फोटोही सोबत होता. "मामा," त्याने लिहिले होते, "गाडी आतून झकास आहे, पण पोलादी चाके गंजून तांबडी झाली आहेत. एक जण मिश्रधातूची चकचकीत चाके स्वस्तात देतो आहे. भोके जुळतात. बसवू का?"

प्रश्न साधा वाटला, म्हणून मी उत्तर लिहायला बसलो आणि पाहतो तो काय, अकरावी-बारावीच्या पुस्तकातले निम्मे यंत्रशास्त्र त्यात निघाले. स्थितिस्थापकत्व, घर्षण, प्रसरण, वर्तुळाकार गती, सगळे. शिवाय त्याच्या पत्रातले "भोके जुळतात" हे दोन शब्द मला काही केल्या स्वस्थ बसू देईनात. भोके जुळली म्हणजे चाक बसले असे आपल्याला वाटते. पण मित्रांनो, चाक भोकांवर बसते का?

आधी कॅरव्हॅन म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या रस्त्यांवर ती फारशी दिसत नाही. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. झोपायला बाके, छोटी शेगडी, कपाट, पाण्याची टाकी, सर्व काही तीत असते. तिला स्वतःचे एंजिन नसते. मोटारीच्या मागे आकडा असतो, त्याला ती जोडायची आणि ओढत न्यायची. ब्रिटनमध्ये सुट्टीत अशा हजारो खोल्या समुद्राकडे आणि डोंगराकडे निघतात. हौशी प्रवासासाठी बांधलेली तिथली पहिली कॅरव्हॅन १८८५ सालची. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरांनी ती ब्रिस्टलमध्ये बांधून घेतली आणि तिचे नाव ठेवले 'वाँडरर', म्हणजे भटकी. वजन सुमारे दोन टन. ती ओढायला दोन घोडे लागत.

त्या काळच्या लाकडी चाकाची गोष्ट आपल्याला घरची आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल, नाहीतर आजोबांना विचारा. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, शेणीच्या आगीत लालबुंद तापवून फुगवतात, चाकावर ठोकून बसवतात आणि वर भराभर पाणी ओततात. थंड होताना धाव आकसू पाहते, पण आत लाकूड आहे, तिला पुरते आकसता येत नाही. ती ताणलेल्याच स्थितीत राहते आणि त्या ताणाने आरे, पाटे, तुंबा असे सगळे चाक आवळून धरते. ताणलेले लोखंड सांधा आवळून धरते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याला ती पुन्हा लागणार आहे.

आता भाच्याच्या गाडीकडे वळू. सामानसुमान भरून तिचे वजन १३०० किलोग्रॅम. त्यातले सुमारे ७५ किलोग्रॅम मोटारीच्या आकड्यावर टेकते. उरलेले १२२५ किलोग्रॅम दोन चाकांवर, म्हणजे प्रत्येकावर ६१२ किलोग्रॅमहून जास्त. तेवढ्याच वजनाच्या मोटारीला चार चाके असतात, तेव्हा एकेका चाकाच्या वाट्याला सरासरी ३२५ किलोग्रॅम येते. गंमत पहा! मोटार केवढी भारदस्त दिसते आणि कॅरव्हॅन पत्र्याच्या डब्यासारखी, पण चाकावरचा भार कॅरव्हॅनचा जवळजवळ दुप्पट.

तेव्हा चाक घेताना त्याची भारक्षमता प्रथम पाहायची. बहुतेक मिश्रधातूच्या चाकांवर ती मागच्या बाजूला कोरलेली असते. एखाद्या लहान मोटारीसाठी केलेले चाक ५०० किलोग्रॅमपर्यंत तपासलेले असेल, तर त्या मोटारीला ते पुरून उरेल. तेच कॅरव्हॅनला लावले, तर पहिल्या दिवसापासून ते शंभराहून जास्त किलोग्रॅम जादा वाहील. ते लगेच मोडणार नाही, आणि धोका तिथेच आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याचा प्रत्येक भाग एकदा दाबला जातो, एकदा सुटतो. किलोमीटरभर अंतरात असे पाचशेच्या वर फेरे होतात. तार वारंवार वाकवून तोडतो ना आपण, तसा धातू दमत जातो आणि एखाद्या दिवशी बारीक चीर पडते.

मिश्रधातू म्हणजे इथे मुख्यतः ॲल्युमिनियम. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम घालून साच्यात ओततात. अशी ओतीव चाके नवीन नाहीत. फ्रान्समध्ये १९२४ साली ल्यों येथील शर्यतीत बुगाटीची गाडी ॲल्युमिनियमची चाके लावूनच उतरली होती. लोकांना वाटते, ॲल्युमिनियम म्हणजे हलके, तेव्हा गाडी हलकी होणार आणि इंधन वाचणार. घनतेकडे पाहिले तर तसे वाटणे चूक नाही. पोलादाची घनता ७.८ च्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७. जवळजवळ तिसरा हिस्सा! पण दुसरा आकडाही पहा. यंगचा गुणांक पोलादासाठी २०० गिगापास्कल, ॲल्युमिनियमसाठी ७०. म्हणजे हा धातू तिपटीने हलका आहे, तसा तिपटीने लवतोही. मग ते लवणे थांबवायला धातू जाड करावा लागतो. पोलादी चाक तीन-चार मिलिमीटर पत्र्याचे दाबून केलेले असते, तर मिश्रधातूच्या चाकाचा मधला भाग वीस मिलिमीटरांहून जाड असू शकतो. वजनातला फायदा बराचसा जाडीत जिरतो. शेवटी एका चाकामागे किलो-दीड किलो वाचले तर वाचले, कधी काहीच वाचत नाही.

समजा, दोन चाकांत मिळून तीन किलोग्रॅम वाचले. फिरणाऱ्या वस्तूला गती देताना तिचे पुढे जाणे आणि गरगर फिरणे अशी दोन कामे करावी लागतात, म्हणून चाकाच्या कडेचे वस्तुमान जास्तीत जास्त दुप्पट धरू. झाले सहा किलोग्रॅम. १३०० मध्ये सहा! घरून निघताना पाण्याची एक कळशी कमी भरली तरी तेवढेच वाचेल. मी भाच्याला स्पष्ट लिहिले, चाके छान दिसतात आणि तांबडी होत नाहीत म्हणून घ्यायची असतील तर जरूर घे. इंधन वाचवायला घेत असशील तर पैसे खिशात ठेव.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. चाकाला धरते कोण?

तुम्ही म्हणाल, बोल्ट. पाच भोकांतून पाच बोल्ट गेले आहेत, चाक त्यांच्यावर टांगले आहे, खुंटीवर सदरा टांगावा तसे. पण नाही. चाक बोल्टांवर टांगलेले नसते आणि तसे ते राहिले तर फार काळ टिकणारही नाही. बोल्ट चाकाला मागच्या तुंब्यावर दाबून धरतात. त्या दाबामुळे चाक आणि तुंबा यांच्या पृष्ठभागांत घर्षण निर्माण होते, आणि गाडीचे सारे वजन, ब्रेकचा हिसका, खड्ड्याचा दणका हे सर्व त्या घर्षणावर तोलले जाते. दोन पुस्तके एकमेकांवर घट्ट दाबून धरली की वरचे सरकवता येत नाही ना, तसेच.

हा दाब केवढा? थोडे गणित करू. समजा, पुस्तिकेत लिहिले आहे की बोल्ट ११० न्यूटन-मीटर बलाघूर्णाने आवळावा. (हा आकडा गाडीगणिक आणि चाकागणिक वेगळा असतो. पोलादी चाकाचा वेगळा, मिश्रधातूच्या चाकाचा वेगळा.) अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला २२० न्यूटन बल लावले, म्हणजे सुमारे २२ किलोग्रॅमचे वजन टांगले, की ११० न्यूटन-मीटर होतात. एवढ्याशा बलाने १२ मिलिमीटर व्यासाचा कोरडा, स्वच्छ बोल्ट किती ताणला जातो? सुमारे ४५,००० न्यूटन. साडेचार टनांचे ओझे टांगल्यासारखा! आट्यांचा उतार किती मंद असतो ते आठवा, म्हणजे आश्चर्य वाटणार नाही. घाटातली वळणदार सडक गाडीला चढवते, तसाच हा स्क्रूचा फायदा.

पाच बोल्टांचे मिळून २,२५,००० न्यूटन होतात. घर्षणांक ०.१५ धरला तर चाक सरकवायला ३३,७५० न्यूटन लागतील. चाकावरचा भार सुमारे ६,००० न्यूटन. म्हणजे पाचपटींहून अधिक राखीव ताकद. खड्ड्यात भार क्षणभर दुप्पट-तिप्पट झाला तरी चिंता नाही, जोपर्यंत बोल्ट ताणलेले आहेत तोपर्यंत.

आणि ते ताणलेले राहतील का, हाच खरा प्रश्न आहे. बोल्ट म्हणजे एक अतिशय कडक स्प्रिंग. आवळताना तो लांब होतो. किती लांब? त्याचा प्रभावी छेद ८८ चौरस मिलिमीटर. ४५,००० ला ८८ ने भागले की ताण सुमारे ५११ न्यूटन दर चौरस मिलिमीटर येतो. त्याला यंगच्या गुणांकाने, म्हणजे २,००,००० ने भागा. दर मिलिमीटरमागे ०.००२६ मिलिमीटर वाढ. ताणला जाणारा भाग २५ मिलिमीटर असेल तर एकूण वाढ ०.०६४ मिलिमीटर.

हे ०.०६४ मिलिमीटर म्हणजे किती ते डोळ्यांसमोर आणा. तुमची दोनशेपानी वही घ्या. पुठ्ठे सोडून तिची जाडी पट्टीने मोजा आणि शंभराने भागा, कारण दोनशे पाने म्हणजे कागद शंभर. उत्तर ०.०८ च्या आसपास येईल. तेरा क्विंटलची कॅरव्हॅन रस्त्यावर धरून ठेवणारा बोल्टाचा ताण लांबीच्या हिशेबात वहीच्या एका कागदाएवढाही नाही!

आता तुमच्या लक्षात येईल की कागदाएवढी कुठलीही वस्तू इथे क्षुल्लक राहत नाही. बोल्टाच्या डोक्याखाली चाकाला एक खोलगट बैठक असते. त्या बैठकीवर रंगाचा थर आहे, तुंब्यावर गंजाचे पोपडे आहेत, किंवा चाकामागे मातीचा कण अडकला आहे, असे समजा. आवळताना सगळे घट्ट लागते, पाना पुढे जात नाही. मग गाडी धावू लागते, कंप सुरू होतो, रंग चुरडतो, पोपडा पिचतो, कण दळला जातो. एकंदर ०.०३ मिलिमीटर जागा रिकामी झाली की बोल्ट तेवढा आखूड झाला, ताण निम्मा गेला. चाकांना देतात तो पावडरचा भाजीव रंग तर साधारण ०.०६ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. बैठकीवर तो राहिला आणि दबून निघून गेला तर बोल्टात ताण म्हणून काही उरतच नाही. आणि बोल्ट सैल झालेला बाहेरून दिसतो का? मुळीच नाही. तो आपल्या जागी सुरेख चमकत असतो.

म्हणूनच नवे चाक बसवले की सुमारे ५० किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे असा नियम आहे. पहिल्या पन्नास किलोमीटरांत जे काही दबायचे, पिचायचे असते ते बरेचसे दबून घेते. पुष्कळांना हा नियम म्हणजे दुकानदाराने स्वतःवरची जबाबदारी झटकण्यासाठी लिहिलेली ओळ वाटते. मलाही पूर्वी तसेच वाटे. कागदाचे गणित केल्यावर वाटेनासे झाले.

पोलादी चाकाला इथे एक आडवा फायदा मिळतो. त्याची बैठक पातळ पत्र्याची, जराशी फुगवटा दिलेली असते. आवळताना ती दबते आणि स्वतःच स्प्रिंगसारखी बोल्टाला उलट रेटत राहते. थोडी जागा रिकामी झाली तरी ती भरून काढते. जाड ओतीव चाक तसे दबत नाही. त्याला सगळी भिस्त बोल्टाच्या ताणावर ठेवावी लागते. तेव्हा पोलादी चाकाने जी हयगय सोसली, ती मिश्रधातूचे चाक सोसेलच असे नाही.

मग बोल्ट जुनेच वापरायचे का? भाच्याने नंतर विचारले तेही हेच. इथे दोन सापळे आहेत. पहिला सापळा बैठकीच्या आकाराचा. काही चाकांत ती शंकूसारखी असते, काहींत गोलाचा तुकडा कापावा तशी. शंकूच्या बैठकीत गोल बोल्ट घातला किंवा उलट केले, तरी वरून ठीक बसल्यासारखे दिसते, पण प्रत्यक्षात बोल्ट एका बारीक कड्यावरच टेकतो. वाटीत लिंबू ठेवावे तसा नव्हे, तर पेल्याच्या तोंडावर लिंबू ठेवावे तसा. साडेचार टनांचा जोर त्या रेघेएवढ्या जागेवर एकवटला की पोलादापुढे मऊ असलेले ॲल्युमिनियम खोलगटते. कागदाएवढे खोलगटायला कितीसा वेळ लागणार?

दुसरा सापळा लांबीचा. मिश्रधातूचे चाक जाड, म्हणून त्याला लांब बोल्ट हवेत. जुने आखूड बोल्ट लावले तर त्यांची टोके तुंब्यात जेमतेम दोन-चार आटे शिरतात आणि तेवढ्यांवर सगळा भार येतो. ठोकताळा असा की बोल्टाच्या व्यासाएवढी लांबी तरी आट्यांत शिरायला हवी. बारा मिलिमीटरचा बोल्ट आणि दीड मिलिमीटरचे आटे, म्हणजे हाताने फिरवत नेताना सुमारे आठ फेरे मोजता आले पाहिजेत. पाना न लावता, बोटांनी. इतकी सोपी तपासणी दुसरी नसेल.

आता याच्या उलट प्रसंग कल्पा. कॅरव्हॅनखाली स्टेपनी टांगलेली असते. (हा शब्दही तिकडचाच बरे का! वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या एका कारखान्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जादा चाके विकली. तो रस्ता आपल्या पंक्चरवाल्यांच्या तोंडी अजून आहे.) मिश्रधातूची दोन चाके घेणारा माणूस बहुधा तिसरे घेत नाही, स्टेपनी पोलादीच ठेवतो. वाटेत पंक्चर झाले, पोलादी चाक काढले आणि मिश्रधातूच्या चाकाचे लांब बोल्ट त्याला लावले तर काय होईल? चाक पातळ, बोल्ट लांब. टोके तुंब्यातून आरपार जाऊन आतल्या ब्रेकच्या भागांना भिडतात. एकतर चाक फिरत नाही, किंवा फिरते आणि आत खरडत राहते. म्हणून अशा माणसाने दोन्ही जातींचे बोल्ट बरोबर बाळगले पाहिजेत.

भोके जुळण्याबद्दलही सांगून टाकतो. पाच भोके ज्या काल्पनिक वर्तुळावर असतात त्याचा व्यास महत्त्वाचा. एका जातीच्या चाकांत तो ११२ मिलिमीटर असतो, दुसऱ्या जातीत ११४.३, कारण ते माप मुळात साडेचार इंचांचे. डोळ्यांना फरक दिसत नाही, बोल्ट थोडे रेटून बसतातही. पण प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटरहून जास्त तिरका ओढला जातो आणि बैठकीच्या एकाच बाजूला टेकतो. भाच्याला मी आधी हेच मोजायला लावले. सुदैवाने दोन्ही ११२ निघाले. चाक तुंब्याच्या किती आत किंवा बाहेर बसते तेही जुळावे लागते, नाहीतर बेअरिंगवर भार तिरका पडतो.

तेलाचा विषय निघालाच पाहिजे, कारण आपल्याकडे आटा दिसला की तेल घालायची सवय आहे. आपण पान्याने जे बलाघूर्ण लावतो त्यातले बोल्ट ताणायला किती खर्च होते? जेमतेम दहावा भाग. सुमारे निम्मे डोक्याखालच्या घर्षणात जाते आणि चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात. आता तेल लावून घर्षण कमी केले आणि पाना मात्र पूर्वीच्याच ११० वर ठेवला तर वाचलेले सगळे बोल्ट ताणण्यात जाईल. ४५,००० ऐवजी ७५,००० न्यूटनपर्यंत ताण पोचू शकतो. तेवढा ताण बहुतेक बोल्टांची स्थितिस्थापक मर्यादा ओलांडतो. ओढून ढिल्या झालेल्या स्प्रिंगसारखा तो मग कायमचा लांब होतो. पुस्तिकेत तेल लावा असे लिहिले नसेल तर आटे आणि बैठक कोरडी, स्वच्छ ठेवावी. गंज निघावा म्हणून तारेचा ब्रश मारावा, तेल नको.

तसेच उष्णतेचे. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. एक अंश सेल्सिअसमागे पोलाद लांबीच्या दशलक्षात १२ भाग वाढते, ॲल्युमिनियम २३ भाग. लांब उतारावर ब्रेक तापून चाकाचा मधला भाग ८० अंशांनी गरम झाला, तर २५ मिलिमीटर जाडीचे ॲल्युमिनियम बोल्टापेक्षा ०.०२२ मिलिमीटर जास्त फुगते. अशा गरम चाकाचे बोल्ट कुणी आवळले, तर निवल्यावर तेवढी ढिलाई राहते, म्हणजे तिसरा हिस्सा ताण गेला. बैलगाडीच्या धावेची युक्ती इथे नेमकी उलटी होते! तिथे बाहेरून आवळणारे लोखंड आकसते आणि पकड वाढते, इथे आत दाबलेले ॲल्युमिनियम आकसते आणि पकड घटते. तेव्हा तपासणी चाक थंड असतानाच करायची.

एक चमत्कारिक गोष्ट राहिली. ब्रिटनमधल्या कॅरव्हॅनवाल्यांत जुनी तक्रार आहे की चाक निखळले तर बहुधा डावीकडचे निखळते. याला कारण काय असावे?

एक प्रयोग करा. टेबलावर मोठी बांगडी ठेवा. तिच्या आत एक रुपयाचे नाणे ठेवा, नाण्यावर पेन्सिलने एक खूण करा. आता नाणे बांगडीच्या आतल्या कडेला टेकवून, घसरू न देता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गडगडत न्या. खुणेकडे पहा. नाणे जाते घड्याळाच्या दिशेने, पण स्वतःभोवती फिरते उलट दिशेने!

बोल्टाचा ताण गेला की तो भोकात सैल होतो आणि बांगडीतल्या नाण्यासारखा वागू लागतो. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहून पाहिले तर पुढे जाणारे चाक घड्याळाच्या उलट फिरताना दिसते. वजन मात्र नेहमी खालीच टेकते. म्हणजे चाकावर बसून पाहिले तर टेकण्याची जागा भोकाच्या कडेने घड्याळाच्या दिशेने सरकत जाते, आणि बोल्ट स्वतः घड्याळाच्या उलट फिरू पाहतो. नेहमीच्या उजव्या आट्याचा बोल्ट उलट फिरवला की सुटतो. उजव्या बाजूला हेच सारे उलट घडते आणि बोल्ट घट्ट होऊ पाहतो. शिवाय ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच वाहने डावीकडून जातात. कडेचे खड्डे आणि गटाराची झाकणे डाव्याच चाकाच्या नशिबी.

तुमच्या सायकलचे डावे पेडल उलट आट्याचे असते ते याचसाठी. मी नववीत असताना ते आवळायला म्हणून पाना घड्याळाच्या दिशेने जोर लावून फिरवला आणि पेडल हातात आले, तेव्हा सायकल बिघडली असे वाटून मी घाबरलो होतो. अमेरिकेत क्रायस्लरच्या मोटारींना १९६० च्या दशकात डाव्या चाकांसाठी अशाच उलट आट्याचे नट असत. पण ध्यानात घ्या, हा खेळ ताण निघून गेल्यावरच सुरू होतो. कागदाएवढा ताण शाबूत असेल तर बोल्ट भोकात हलत नाही, आणि हललाच नाही तर डावे-उजवे करण्याचा प्रश्नच येत नाही.

मोटारीचे चाक सैल झाले तर स्टिअरिंग थरथरते, खडखड ऐकू येते, चालवणारा थांबतो. कॅरव्हॅनमध्ये मात्र प्रवासात कुणी बसलेले नसते. मोटारीच्या मागे पाच-सहा मीटरवर चाक खडखडत असले तरी पुढच्या माणसाला गाण्याच्या आवाजात ते कळत नाही. आणि ताशी ८० किलोमीटरने सुटलेले चाक गाडीपासून अलग झाले तरी थांबत नाही. ते तसेच पुढे जाते, समोर जे कोणी येईल त्याच्याकडे.

हे सगळे मी भाच्याला चार पाने भरून लिहिले. त्याने चाकांच्या मागे कोरलेली भारक्षमता पाहिली, ती ६५० किलोग्रॅम होती. नवे लांब बोल्ट चाकाच्या बैठकीप्रमाणे निवडून आणले, बैठकीवरचा रंग साफ केला, प्रत्येक बोल्ट बोटांनी आठ फेरे मोजून घातला आणि चांदणीच्या क्रमाने, एक सोडून एक, टॉर्क पान्याने आवळला. मग रिकामी गाडी ५० किलोमीटर फिरवून आणली, चहा पिऊन चाके गार होऊ दिली आणि पाना पुन्हा लावला. उजवीकडचे पाचही बोल्ट जागचे हलले नाहीत. डावीकडचे दोन थोडेसे फिरले आणि मग पान्याने टक् केले. जुने आखूड बोल्ट त्याने कापडी पिशवीत घालून पोलादी स्टेपनीलाच बांधून ठेवले आहेत.